प्रतिसाद: २०२० ची दहावी आणि राहिलेला भूगोल

वर कुणीतरी २०२० च्या दहावीला ‘फुकट पास बॅच’ म्हटलंय, ते चुकीचंय हो. आख्खी परीक्षा रद्द झाली ती २०२१ वाल्यांची. आमचा फक्त भूगोल राहिला, २३ मार्चला होता, आधी पुढं ढकलला मग रद्दच केला आणि बाकीच्या पेपरांच्या सरासरीवर मार्क दिले.

आणि सांगलीकर असाल तर आमचं वर्ष सुरू कसं झालेलं तेपण आठवा की. ऑगस्ट २०१९, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४५. आम्ही गावभागातली पोरं, पाणी उतरल्यावर दप्तर उघडलं तर वह्यांची पानं चिकटून वीट झालेली, शाई सगळी पसरलेली. शाळेत गेलो तर बेंच बाहेर उन्हात आणि वर्गात घोट्याएवढा गाळ, ज्या सरांच्या नुसत्या आवाजानं आमची फाटायची ते पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून खराट्यानं गाळ ढकलत होते, वर आम्हालाच शिव्या, ‘बघताय काय, बादल्या आणा!’ त्यानंतर त्यांची भीती गेली ती गेलीच. पोर्शन बोंबललेला म्हणून थंडीत सकाळी सातला जादा तास.

शर्टावर सह्या शेवटच्या पेपराला करायच्या ठरलेल्या, ते राहिलं. भूगोलात माझा मात्र फायदाच झाला, नकाशे कधी जमलेच नाहीत.

गेट-टुगेदर करणार असाल तर दिवाळीत ठेवा, पुण्यातली मंडळी तेव्हाच गावाकडं येतात.