मदत हवी आहे: श्वानोमा, न्यूरोफायब्रोमा की हायब्रिड?

पॅथॉलॉजीवाले कोणी आहे का? (श्वानोमा आणि न्यूरोफायब्रोमा म्हणजे नसेच्या आवरणाच्या गाठी, हायब्रिड म्हणजे एकाच गाठीत दोन्ही.) चाळिशीतल्या बाईंच्या हातावरची त्वचेखालची गाठ आलीय, साधारण २ सेंमी, अंगावर दुसऱ्या गाठी किंवा कॅफे-ओ-ले (कॉफीच्या रंगाचे) डाग नाहीत, घरात एनएफ-१ची (न्यूरोफायब्रोमा होणारा आनुवंशिक आजार) हिस्ट्री नाही. एच अँड ईवर (नेहमीच्या रंगवलेल्या स्लाइडवर) एका बाजूला दाट अँटोनी ए (श्वानोमाचा दाट पेशींचा भाग) सारखा भाग, व्हेरोके बॉडी (न्यूक्लियसच्या समोरासमोर दोन रांगा, श्वानोमाची खूण) म्हणावी अशी एकच आणि तीही अर्धवट, पण रक्तवाहिन्यांच्या भिंती मस्त जाड हायलिनाइज्ड (काचेसारख्या एकजिनसी). बाकीचा भाग मिक्सॉइड (जेलीसारखा), बारीक नागमोडी न्यूक्लियस आणि मधेमधे न्यूरोफायब्रोमात दिसतं तसं गाजराच्या किसासारखं कोलॅजन. मास्ट सेलही (न्यूरोफायब्रोमात हमखास दिसणाऱ्या प्रतिकारपेशी) आहेत, पण ते काय श्वानोमातही दिसतात, त्यावर मी फार विसंबत नाही. कॅप्सूलचं विचारू नका, गाठ तुकड्यांत आलीय. मायटोसिस (पेशीविभाजन), नेक्रोसिस (मेलेला भाग) काही नाही.

एस-१०० (श्वान पेशींचा मार्कर) केलं, दाट भागात सगळीकडे कडक, मिक्सॉइडमध्ये तुरळक. सॉक्स-१० (हाही श्वान पेशींचाच मार्कर) सुचवू नका प्लीज, दोन्हीत पॉझिटिव्हच येणार. ब्लॉकमध्ये टिश्यू थोडाच उरलाय आणि पेशंटला अजून एकच मार्कर परवडेल, तर सीडी-३४ (फायब्रोब्लास्टसारख्या पेशी दाखवतो) लावू की न्यूरोफिलामेंट (नसेचे अ‍ॅक्सॉन दाखवतो)? आणि तो मिक्सॉइड भाग नुसता अँटोनी बी (श्वानोमाचाच विरळ भाग) नाहीये, हायब्रिडच आहे, हे ठरवायला तुम्ही स्लाइडवर नक्की काय बघता?