टेबलाखालून न हलणारी कुत्री: ओढून बाहेर काढायची की वाट बघायची?

नवा_उंबरठा

नमस्कार. आमच्या शेजारचे भाडेकरू घर सोडून गेले आणि मागच्या बाजूला त्यांची कुत्री साखळीलाच राहिली. घरमालकांना विचारून काल रात्री तिला घरी आणलं. वजन ११ किलो भरलं, उंची बघता सोळा-सतरा तरी हवं होतं. बरगड्या आणि कंबरेची हाडं लांबून दिसतात. गळ्यातला पट्टा एका बाजूला दिसेनासाच झालाय आणि तिथून वास येतो.

आल्यापासून ती टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून बसली आहे. गुरगुरत नाही, भुंकत नाही, हात लावला तरी काही करत नाही. नवऱ्याने झाडू उचलला तर तिने जागच्या जागी लघवी केली. आम्ही खोलीत असेपर्यंत अन्नाला तोंड लावत नाही, बाहेर गेलो की वाटी चाटूनपुसून साफ.

सासूबाई म्हणतात, उपाशी जीव आहे, खाईल तेवढं घाला आणि जवळ घेऊन बसा. नवरा म्हणतो, स्वभावाने शांत आहे, बाहेर काढून दोन दिवस सगळीकडे फिरवली की भीती मोडेल. डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे. तोवर काय करू?

तळहात

परवापर्यंत थांबू नका, आजच न्या. पट्टा "दिसेनासा झालाय" आणि वास येतोय याचा अर्थ तो कातडीत रुतलाय. घरी कात्री लावू नका. त्याला भूल द्यावी लागते आणि आत किती खोल गेलाय ते वरून कळत नाही. फोनवर "पट्टा मांसात रुतलाय" एवढं सांगा, तातडीने घेतील. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात देऊ नका.

ओसरी

मी बरीच वर्षं एका निवाऱ्यात अशाच कुत्र्यांची देखभाल करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वरच्या प्रतिसादातला शब्द न् शब्द खरा आहे. आज जाल तेव्हा डॉक्टरांना आणखी एक सांगा: ही खूप दिवसांची उपाशी आहे, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासा.

सासूबाईंची माया मला समजते. पण आत्ता भरपेट खाणं हाच तिच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका आहे. लांबलेल्या उपासमारीत शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून दिवस काढतं. क्षारांचे साठे आतून रिते होतात, रक्तात मात्र वरवर सगळं ठीक दिसू शकतं. अशा वेळी एकदम पोटभर, त्यातही पिष्टमय, अन्न गेलं की इन्सुलिन उसळतं आणि उरलेसुरले क्षार रक्तातून पेशींमध्ये खेचले जातात. मग स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात, काही वेळा तांबड्या पेशी फुटतात. दुसऱ्या महायुद्धात उपासमार सोसून सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी नेमकं हेच पाहिलं: भुकेतून वाचलेली माणसं जेवायला लागल्यावर दगावली. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि पहिले काही दिवस सर्वांत जपायचे असतात.

अंदाज यावा म्हणून हिशेब देते. किलोमधल्या वजनाचा ०.७५ वा घात घेऊन त्याला ७० ने गुणलं की विश्रांतीत असलेल्या कुत्र्याची दिवसाची गरज मिळते. ११ किलोला ती साधारण ४२० किलोकॅलरी येते. सुरुवात तिच्या पाव हिश्श्याने, म्हणजे दिवसाला शंभरेक किलोकॅलरीने, तीही चार वेळांत विभागून. मग आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेपर्यंत. हिशेब आजच्या वजनावर करायचा, तिचं जे वजन असायला हवं त्यावर नाही. नेमकं प्रमाण डॉक्टर ठरवतील. पाणी मात्र कायम समोर असू द्या. अंघोळ आज नको, आणि जंताचं औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता "शांत स्वभाव". तुम्ही लिहिलेलं वाचून मला सगळ्यात जास्त काळजी याच ओळीची वाटली. हात लावला तरी काहीच न करणारी कुत्री शांत नसते, ती गोठलेली असते. १९६७ साली अमेरिकेत सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला होता. काहीही केलं तरी न चुकणारे विजेचे झटके ज्यांना आधी दिले होते, त्यांतली बहुतेक कुत्री पुढे सुटायची वाट समोर असतानाही पडून राहिली. त्यावरून "असहायता शिकली जाते" असं मानलं गेलं. पुढे २०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलं म्हणणं उलटं फिरवलं: लांबलेल्या त्रासात निपचित पडणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, शिकली जाते ती "माझ्या करण्याने काही बदलतं" ही गोष्ट. तुमच्या कुत्रीला हेच शिकायचं आहे. साखळीला असताना ती काहीही करो, काही बदलत नव्हतं. म्हणून ओढून बाहेर काढू नका. ओढणं म्हणजे तिला पुन्हा तोच धडा देणं.

मग करायचं काय? तिचा नकार मान्य करायचा. ती तोंड वळवते, जीभ पटकन नाकावरून फिरवते, झोप नसताना जांभई देते, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघते, तेव्हा ती "पुढे येऊ नका" म्हणत असते. तुम्ही तिथेच थांबलात, एक पाऊल मागे गेलात, की आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तिच्या बोलण्याचा उपयोग झालेला असतो. उद्या-परवा ती गुरगुरली तर वाईट वाटून घेऊ नका आणि रागावू तर मुळीच नका. गुरगुरणं दाबून टाकलेली कुत्री पुढे काही न सांगता चावते.

टेबल तिचंच ठेवा. तीन बाजूंनी आडोसा करा, एक बाजू मोकळी ठेवा आणि त्या आडोशात कोणीही हात घालायचा नाही, मुलांनी तर नाहीच. खाणं, बाहेर नेणं, दिवे मालवणं रोज त्याच क्रमाने करा. पुढे काय होणार हे कळायला लागलं की निम्मी भीती उतरते. खोलीत बसायचं ते तिच्याकडे पाठ किंवा कूस करून, जमिनीवर, स्वतःचं काहीतरी वाचत. खाऊ हातातून देऊ नका. तिला मिळणाऱ्या मापातलेच बारीक तुकडे तिच्या पलीकडे, तुमच्यापासून लांब टाका. खाण्यासाठी माणसाजवळ यावं लागलं तर भूक तिला पुढे ओढते आणि भीती मागे, आणि या ओढाताणीत कुत्री तुकडा गिळून दचकते, कधी चावते. लांब टाकलेल्या तुकड्यासाठी असा सौदा करावा लागत नाही.

एके दिवशी ती मान लांब करून येईल. पुढचे पाय तुमच्याकडे आणि मागचे दोन अजून पळायच्या तयारीत, नखं जमिनीत रुतवलेली, पाठ इतकी ताणलेली की कण्याची रेष दिसावी. नाक तुमच्या कोपराला लागेल आणि ती लगेच मागे जाईल. त्या वेळी हात उचलू नका. माझा या कामातला सगळ्यात ठाम आग्रह हाच आहे. नव्या स्वयंसेवकांना मी पहिली गोष्ट शिकवते ती ही: कुत्री वास घ्यायला येते तेव्हा ती प्रश्न विचारत असते, कुरवाळायची परवानगी देत नसते.

झाडूबद्दल: ती लघवी भीतीची आहे, घाणीची सवय नाही. रागावू नका, ती नसताना पुसून घ्या. सध्या झाडू आणि कमरेचा पट्टा तिच्या नजरेआड ठेवा. महिन्याभराने ती सैलावली की झाडू खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, आडवा, न हलणारा, आणि तो दिसला की लगेच तिचा आवडता खाऊ. झाडू आधी आणि खाऊ नंतर, हा क्रम चुकवू नका. उलट केलंत तर खाऊ दिसला की ती झाडू शोधायला लागते.

जुना_वाटाड्या

एक वेगळं मत मांडतो. आमच्याकडे अशी दोन कुत्री होती. घाबरल्यावर जवळ घेतलं की भीतीला खतपाणी मिळतं असं आम्हाला सांगितलं होतं, म्हणून दुर्लक्ष केलं, रोज गर्दीत नेलं. एक सुधारला. दुसरा शेवटपर्यंत लाजराच राहिला. मुळात अशी प्रत्येक कुत्री सुधारतेच असं नाही, हेही सांगायला हवं.

ओसरी

शेवटच्या वाक्याशी सहमत आहे. साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लाने माणसं, आवाज, जागा पाहिल्या नसतील तर ती पोकळी पुढे पूर्ण भरून येत नाही. काही कुत्री दोन-तीन माणसांचीच होतात आणि त्यांचं आयुष्य तेवढ्यातही छान जातं.

खतपाण्याचं मात्र पटत नाही. भीती ही भावना आहे, बक्षिसासाठी केलेलं वर्तन नाही. घाबरलेली कुत्री आपण होऊन तुमच्याजवळ आली तर खुशाल आधार द्या, भीती वाढत नाही. न आलेल्या कुत्रीला मिठी मारली तर वाढते. गर्दीत नेल्यावर जो "सुधारला" तो खरंच मोकळा झाला होता की गप्प झाला होता, हे त्याची शेपूट, खाणं आणि झोप पाहूनच सांगता येईल.

आणि आधीच आशा सोडू नये म्हणून एक उदाहरण. २००७ मध्ये अमेरिकेत मायकेल व्हिक या अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या जागेतून झुंजीची कुत्री जप्त झाली. तोवर अशा कुत्र्यांना सरसकट मारून टाकण्याचीच रीत होती. या वेळी एकेकाची स्वतंत्र तपासणी झाली आणि बहुतेक सगळी वाचली. त्यांतली २२ यूटा राज्यातल्या प्राण्यांच्या एका निवाऱ्यात गेली, कितीतरी घरोघरी रमली, काही तर पुढे आजारी माणसांना धीर देण्याच्या कामाला लागली. कुठल्या नरकातून आलं यावरून कुत्रं कुठवर जाईल हे ठरवता येत नाही, एकेकाकडे बघावं लागतं.

नवा_उंबरठा

सगळ्यांचे आभार. त्याच दुपारी नेलं. पट्टा भूल देऊन काढला, एका बाजूने बोटभर आत गेला होता. फॉस्फरस कमी निघालं म्हणून त्यांनी ठेवून घेतलं आणि सलाइन लावलं. आता घरी आहे, डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्याप्रमाणे खाणं चालू आहे आणि तो तक्ता सासूबाईंनी स्वतःकडे घेतलाय, वाटी तोलून भरतात. काल मी पाठ करून बसले होते तर ती भिंतीकडचं तोंड फिरवून खोलीकडे बघत बसली.

आता अडचण बाहेर नेण्याची. गळ्याला टाके आहेत, पट्टा घालता येत नाही. आणि दार उघडं दिसलं की तिचे कान ताठ होतात, पळेल अशी भीती वाटते.

ओसरी

तोंड फिरवलं ही मोठी गोष्ट आहे, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

भीती रास्त आहे. नव्या घरातून कुत्री निसटतात ती बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत, आणि घाबरलेली कुत्री हाकेला येत नाही, उलट हाक मारणाऱ्यापासून पळते. गळ्याला काही नको. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा आणि पोटाकडे, बरगड्यांच्या मागे, आणखी एक पट्टा असलेला हार्नेस घ्या. साध्या हार्नेसमधून बारीक कुत्री मागे सरकत सहज निघते, या दुसऱ्या पट्ट्यामुळे अडकते. पट्टे टाक्यांना घासत नाहीत ना, हे डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. दोर दोन लावा, एक छातीच्या कडीला आणि एक पाठीच्या, आणि दुसरा तुमच्या कमरेला बांधा. हार्नेस आधी नुसता टेबलाजवळ पडू द्या, त्यावर खाऊ ठेवा. घालण्याची घाई नको, तोवर घरातच एका कोपऱ्यात जुने कपडे पसरून शी-शूची सोय करा. दाराला आतून एक आडवं फाटक लावा, म्हणजे बाहेरचं दार उघडलं तरी मध्ये अडसर राहील. गळ्यात ओळखपट्टी लावता येणार नाही, तेव्हा मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, बसवण्याचं पुढच्या भेटीत विचारा.

वजन वाढेल तसा हार्नेस दर आठवड्याला सैल करावा लागेल. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात ना, एवढं बघत जा. पुढचा रक्ताचा रिपोर्ट आला की फॉस्फरस आणि पोटॅशियमचे आकडे इथे टाका.