अकरावीत आहे, स्वतःचा छोटा अंक काढायचाय: पानं, छपाई आणि ‘मला काय वाटतं’ हे कसं लिहायचं?

तंबोऱ्याची_तार

नमस्कार. मी मिरजेची, अकरावी सायन्सला आहे. काळ्या पेनाने चित्रं काढते, थोडं लिहिते. सुट्टीत एक छोटा अंक काढून चाळीस जणांच्या हातात द्यायचा आहे. इन्स्टावर टाकायचा नाही आणि ए.आय.ने केलेलं एकही चित्र किंवा ओळ घ्यायची नाही, एवढं पक्कं ठरलंय. बजेट ५०० रुपये.

चित्रं सतारमेकर गल्लीतली आहेत: वाळलेले भोपळे, दांडी तासताना, घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) जवारी काढताना, म्हणजे नाद खुलावा म्हणून ती घासताना. बरीचशी ए-४ कागदावर, काही नुसत्या पेन्सिलीत. सोबत चार कविता. शिवाय दोन पानं ‘मला काय महत्त्वाचं वाटतं’ आणि ‘पुढे काय’ यांवर हवीत, पण ती लिहायला बसले की शाळेतला निबंध होतो. अंक सोळा पानी करावा म्हणते. झेरॉक्सवर चित्रं नीट येतील का? मजकूर हाताने लिहू की टाइप करू? जाणकारांनी सांगावं.

कात्री_डिंक

आधी हिशेब. ए-४ कागद मधे दुमडला की ए-५ आकाराची चार पानं मिळतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीतच हवी. सोळा पानं म्हणजे प्रतीमागे ४ कागद, ८ बाजू. चाळीस प्रतींच्या ३२० बाजू होतात. बाजूला २ रुपये दर धरला तर ६४० रुपये. बारा पानी केलास तर ३ कागद, ६ बाजू, एकूण २४० बाजू आणि ४८० रुपये. बजेट बारा पानांचं आहे, आणि पहिल्या अंकाला बारा पुष्कळ झाली. मुखपृष्ठ त्याच बारांत धर. काही दुकानांत शंभरच्या वर प्रती असल्या की दर उतरतो, तेव्हा आधी विचारून घे.

आता चित्रं. ए-४ चं ए-५ करताना यंत्रावर ७१ टक्के लावावे लागतात. ०.३ च्या पेनाची रेघ ०.२ वर येते आणि जुन्या झेरॉक्स यंत्रावर मधेमधे तुटते. ए-४ वर काढणार असशील तर मुख्य रेघ ०.५ ची ठेव, ०.३ फक्त आतल्या बारकाव्यांना. रेषांचं शेडिंग करताना दोन रेषांत निदान १ मिलिमीटर अंतर सोड, नाहीतर लहान झाल्यावर तिथे काळा डाग उरतो. भोपळ्याच्या गोलाईत हे हमखास होतं, कारण कडेकडे रेषा दाटत जातात.

नुसत्या पेन्सिलीची चित्रं साध्या झेरॉक्सवर टाकू नकोस. फिकट भाग उडतो, गडद भाग एकसारखा करडा होतो. ती ६०० डीपीआयवर स्कॅन कर (फोनने फोटो काढलास तर कडा वाकतात आणि एका बाजूला सावली येते), कॉन्ट्रास्ट वाढव आणि फाइलवरून लेझर प्रिंट काढ. किंवा त्यांवर शाई फिरव. शाई पूर्ण सुकल्याशिवाय खोडरबर लावायचा नाही.

मोठी भरीव काळी जागा टाळ. टोनर (यंत्रातली काळी पूड) तिथे ठिपक्याठिपक्यांनी उडतो, आणि घडीवर काळं आलं तर दुमडताना सोलून निघतं. कागदाच्या कडेचे ५ मिलिमीटर बहुतेक प्रिंटर छापतच नाहीत. म्हणून बाहेरच्या तिन्ही बाजूंना १२ आणि घडीच्या बाजूला १५ मिलिमीटर समास मोकळा ठेव.

समासातली_नोंद

त्या दोन पानांबद्दल. निबंध का होतो? कारण त्यातल्या वाक्यांना कुणी ‘नाही’ म्हणूच शकत नाही. ‘निसर्ग जपला पाहिजे’, ‘प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे’ यावर सगळेच मान डोलावतात, मग लिहिणारी कोण हे वाचणाऱ्याला कळायचं कसं? कच्चं लिहून झालं की वर्गातल्या कुणाच्याही नावावर खपेल असं प्रत्येक वाक्य खोड. दहातली दोन उरली तरी चालेल, तिथूनच पान सुरू होतं.

उरलेली जागा भरायला तीन प्रश्न घे. मी कशाला नाही म्हटलं? मी कशावर वेळ किंवा पैसे घालवते, कुणी सांगितलं नसताना? घरात किंवा मैत्रिणींत माझा वाद कशावरून होतो? प्रत्येकावर दहा मिनिटं, पेन न थांबवता. मग तिन्हींतलं एकच ठेव. ज्या गोष्टीसाठी आपण काहीतरी सोडलंय तीच आपल्याला खरोखर महत्त्वाची असते, आणि ती सांगताना मोठे शब्द लागत नाहीत.

तुझ्या प्रश्नातच एक उत्तर पडलंय बघ. इन्स्टावर नाही, चाळीस हातांत. ए.आय. नाही. का? त्या ‘का’चं पान लिही. ज्या गल्लीत एक वाद्य पुरं व्हायला महिने लागू शकतात तिथली चित्रं तुला भरभर फोनवर सरकवली जायला नको आहेत, असं काही मनात असेल तर तसंच लिही. नसेल तर जे आहे ते लिही, छान दिसतं म्हणून माझं वाक्य उचलू नकोस.

‘पुढे काय’ या पानावर हुद्दे नकोत, क्रियापदं हवीत. ‘डिझायनर व्हायचंय’ हे कुणीही लिहील. ‘घोडीचं चित्र असं काढायचंय की ते बघून शिकाऊ कारागिराला जवारीचा उतार कळावा’ हे फक्त तू लिहू शकतेस. तीन अंतरं घे: येणारं वर्ष, पाच वर्षं, आणि आईच्या वयाची झाल्यावर. प्रत्येकी तीन-चार ओळी. जे ठरलेलं नाही ते ‘ठरलेलं नाही’ असंच लिही. सोळा-सतराव्या वर्षी सगळं ठरल्यासारखं लिहिलं की तो भाग सर्वांत खोटा वाटतो. आणि खाली तारीख घाल, पुढच्या अंकात याच पानाला उत्तर देता येईल.

लांबीचा अंदाज: ए-५ पानावर कात्री_डिंकने सांगितलेले समास सोडून हाताने सव्वाशे शब्द बसतात, टाइप केले तर पावणेदोनशे. त्याहून जास्त कोंबू नकोस.

अक्षरओळ

मजकूर हाताने लिही, तेही ए-५ च्या मूळ मापात, लहान न करता. मराठीत रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात, त्यामुळे इंग्रजी वहीच्या ओळींत ते एकमेकांवर चढतात. अक्षराची उंची ४ मिलिमीटर असेल तर दोन शिरोरेषांत १० मिलिमीटर अंतर धर. पट्टीने एका कागदावर जाड काळ्या ओळी आखून तो कोऱ्या कागदाखाली ठेव, म्हणजे पेन्सिलीच्या ओळी आखून खोडत बसावं लागत नाही. ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते) कागदातून ओळी व्यवस्थित दिसतात.

शिरोरेषा प्रत्येक शब्द पुरा झाल्यावर द्यायची. अक्षरागणिक दिलीस तर सांधे दिसतात आणि छपाईत ते जास्तच उठतात. बॉलपेनाची निळी शाई नको, झेरॉक्सवर ती फिकट आणि तुटक येते. काळं जेल चालेल, पण डाव्या हाताने लिहीत असशील तर पुसटतं, मग पिगमेंट शाईचं पेन घे.

शीर्षकांना कटनिब किंवा बोरू वापरायचा असेल तर दुकानात ‘मराठीसाठी’ असं सांगून माग. देवनागरीच्या निबेचा काप इंग्रजीच्या निबेपेक्षा उलट बाजूला तिरका असतो. इंग्रजीची निब धरून ‘क’ किंवा ‘म’ काढलास तर जाड-बारीक भलत्याच जागी पडतं आणि आपलंच अक्षर वाईट आहे असं वाटत राहतं.

टाइपच करायचं ठरलं तर ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ हा फाँट घे, दोन्ही ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचे, खुल्या परवान्याचे, फुकट उतरवून छापता येतात. मजकुराला मुक्ता ११ पॉइंट. बालू फक्त शीर्षकाला, परिच्छेदात तो जड होतो.

तंबोऱ्याची_तार

खूप खूप आभार सगळ्यांचे! बारा पानीच करते. कात्रीदादा, पानांचा क्रम काही डोक्यात बसत नाहीये. आणि स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचतच नाही.

अजून एक. बाबांचं म्हणणं, चित्रं छंद म्हणून ठेव, सायन्स पुरं कर. मला बारावीनंतर कलेकडे जायचंय, पण खात्रीने नाही सांगू शकत. हा अंक प्रवेशाला वगैरे उपयोगी पडतो का?

कात्री_डिंक

क्रम सोपा आहे. कागदाच्या एका बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानं अधिक एक. बारा पानांना १३.

पहिला, म्हणजे बाहेरचा कागद: पुढून १२ आणि १, मागून २ आणि ११.
दुसरा: १० आणि ३, मागून ४ आणि ९.
तिसरा, आतला: ८ आणि ५, मागून ६ आणि ७.

मोठी आडवी चित्रं ६-७ वरच टाक. एकाच कागदाची सलग बाजू तिथेच समोरासमोर उघडते. इतर जोडपानं वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात आणि चित्राचे दोन तुकडे मिलिमीटर-दोन मिलिमीटर खालीवर होतातच. अख्खी सतार आडवी दाखवायची तर हीच जागा.

दोन्ही बाजूंना छापताना दुकानदाराला ‘शॉर्ट एज’वर (आखूड कडेवर) पलटायला सांग. लाँग एज लावलं तर मागची पानं उलटी येतात, आणि हे चाळीस प्रती निघाल्यावर लक्षात येतं. म्हणून आधी एकच प्रत काढ, दुमड, पानं उलटून बघ, मग बाकीच्या.

बाहेरचा कागद जाड घ्यायचा झाला तर १२० ते १५० जीएसएम. नेहमीच्या ए-४ कागदाचे तंतू लांबीच्या दिशेने असतात आणि आपली घडी त्यांना आडवी पडते, म्हणून जाड कागद घडीवर फाटल्यासारखा दिसतो. पट्टी धरून, संपलेल्या बॉलपेनाने घडीच्या जागी एक खोल रेघ ओढ, मग दुमड.

स्टेपलर सोड, दोऱ्याने शीव. पिना गंजतात, मिरजेच्या पावसात तर लवकरच. घडीवर तीन भोकं: एक बरोबर मधे, दोन वरच्या-खालच्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर. तिन्ही कागद एकात एक घालून, आतून टोच्याने एकदमच पाड. दोरा ५५ सेंटिमीटर. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना यायला हवीत, तरच गाठ तो टाका धरून ठेवते. दोन्ही टोकं एकाच बाजूला आली तर अंक ढिला पडतो. चाळीस प्रतींना २२ मीटर दोरा, गोधडीचा जाड सुती दोरा उत्तम.

पाटी_पेन्सिल

छपाईवर सगळं आलंय, मी दोनच गोष्टी घालते. सतारमेकरांची चित्रं छापायच्या आधी त्यांना दाखव आणि होकार घे, चेहरा ओळखू येत असेल तर नक्कीच. पहिल्या चाळीसांतल्या काही प्रती त्यांच्याच आहेत असं धर. तुझ्या नावाखाली गाव पुरे. घरचा पत्ता, फोन, कॉलेज नको. कागदावरचा अंकही कुणीतरी फोटो काढून पुढे पाठवतोच, आणि मग तो थांबवता येत नाही.

दुसरं, कुणा कवीच्या ओळी घेणार असशील तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांची कविता खुली आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांची नाही. तुझ्या स्वतःच्या चित्रांचा आणि कवितांचा हक्क काढल्या-लिहिल्या क्षणापासून तुझाच, नोंदणी लागत नाही. शेवटच्या पानावर ‘© नाव, वर्ष’ एवढं छाप.

खडूफळा

बाबांच्या मुद्द्यावर. सायन्स पुरं करण्यात आणि कलेकडे जाण्यात भांडण नाही, हे त्यांना आधी सांग. महाराष्ट्रात बारावीनंतर बी.एफ.ए. म्हणजे कलेच्या पदवीसाठी एएसी सीईटी ही प्रवेशपरीक्षा असते, तिला शाखेचं बंधन नाही. चार भाग: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान. मुंबईची जे. जे. ही कलाशाळा, १८५७ सालची, २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली, त्यामुळे तिथली प्रवेशपद्धत त्यांच्याच संकेतस्थळावर त्या वर्षी बघायची.

डिझाइनकडे जायचं तर यूसीड ही प्रवेशपरीक्षा. आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत, अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. म्हणजे तुझ्यासाठी बारावीच्या ऐन मध्यात. दोनच वेळा देता येते, तीही लागोपाठच्या वर्षांत, तेव्हा ‘बघू तर’ म्हणून एक संधी घालवू नकोस. एक भाग संगणकावर, दुसरा कागदावर हाताने चित्र काढायचा. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची वेगळी परीक्षा, तिच्या दुसऱ्या फेरीत स्टुडिओ टेस्ट.

अंक दाखवून यांतली कुठलीही परीक्षा सुटत नाही. उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. स्मरणचित्रात समोर काही नसताना माणसं, हालचाल, जागा उभी करावी लागते, आणि बहुतेकांची माणसं तिथे काठीसारखी ताठ उभी राहतात. तू दांडी तासणारा माणूस बघून काढतेस. आता तोच माणूस घरी आल्यावर न बघता काढ, दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन चुका लाल पेनाने दाखव: कोपर कुठे टेकतं, वाकस (लाकूड तासायचं हत्यार) धरलेल्या हाताचं मनगट कसं वळतं, पायाने लाकूड कसं दाबलंय. आठवड्याला दोन अशी चित्रं बारावीच्या दिवाळीपर्यंत झाली तर त्या पेपरची तयारी बऱ्यापैकी होईल.

कच्ची पानं, फसलेल्या प्रती, पानांचा तक्ता, खर्चाचा कागद हे सगळं तारखा घालून एका फाइलीत ठेव. पोर्टफोलिओ मागणाऱ्या ठिकाणी तयार चित्रापेक्षा हेच बारकाईने बघतात. आणि बाबांशी बोलताना ‘मला कला आवडते’ म्हणण्यापेक्षा परीक्षांच्या तारखा, फिया, आणि प्रवेश नाहीच मिळाला तर बी.एस्सी.ला कुठे अर्ज करणार, हे एका कागदावर लिहून समोर ठेव. फियांचे आकडे त्या त्या संस्थेच्या चालू माहितीपत्रकातूनच घे.