‘ऑप्टिकल रोटेशन’: परिवलन, घूर्णन की वलन?

भाषांतरवाली: बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांची पुस्तिका मराठीत करतेय. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश गेला की त्याचं प्रतल वळतं, तो कोन पोलॅरिमीटरवर मोजायचा. मी ‘प्रकाशीय परिवलन’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून ‘घूर्णन’ केलं. हा शब्द मी मराठीत कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. काय ठेवू?

शिक्षक_निवृत्त: परिवलन नकोच. पृथ्वी स्वतःभोवती फिरतच राहते. इथे प्रतल नळी संपेपर्यंत ठरावीक कोनातून वळतं आणि पुढे तसंच जातं. ‘वलन’ म्हणा, दक्षिणवलनी, वामवलनी त्यातूनच आले.

दगडगोटे: आमच्या भूशास्त्रात वलन म्हणजे खडकांना पडलेली घडी. तो शब्द आधीच गुंतलेला आहे.

खडीसाखर: तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. तिथे वलन नाही, घूर्णन नाही. ‘रसाचा पोल काढ’, ‘बगॅसमधून (रस काढलेल्या उसाच्या चोथ्यातून) पोल किती गेला’, संपलं. २६ ग्रॅम शुद्ध साखर विरघळवून १०० मिलिलिटर करायची, २० सेंटिमीटरच्या नळीत भरायची, शर्करामापीवर १०० आलंच पाहिजे. नळीत बुडबुडा राहिला तर पुन्हा भरा. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडला की पोल उतरतो, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. शब्द असा रुळतो.

शिक्षक_निवृत्त: पण तुमचा पोल म्हणजे कोनावरून काढलेलं साखरेचं प्रमाण. विद्यार्थ्याला कोनच हवाय. त्या कोनाला नळीची डेसिमीटरमधली लांबी आणि दर मिलिलिटरमधले ग्रॅम यांच्या गुणाकाराने भागलं की साखरेचं विशिष्ट वलन +६६.५ येतं. हे ‘पोल’ने कसं सांगणार? शिवाय मराठी शब्द असताना तो का सोडायचा?

खडीसाखर: सोडू नका. पण जो शब्द फक्त परीक्षेपुरता पाठ होतो, त्याला मी मराठी म्हणत नाही.

नदीकाठ: मला ‘दक्षिणवलनी’ खटकतो. बारावीत मी खरोखर दक्षिण दिशा समजून बसले होते! ‘उजवीकडे वळवणारं’ का नको?

शिक्षक_निवृत्त: दक्षिण म्हणजे मुळात उजवा, पूर्वेकडे तोंड केलं की उजव्या हाताला येते ती दक्षिण. लॅटिनमधला ‘डेक्स्टर’ याच कुळातला. म्हणजे डेक्स्ट्रोज ही साखर आणि आपली प्रदक्षिणा चुलत बहिणी! आणि प्रदक्षिणाही घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच.

दगडगोटे: कळसावरून पाहिलं तर. गाभाऱ्याखालून पाहिलं तर उलट.

नदीकाठ: मग पोलॅरिमीटरमध्ये कुठून बघायचं?

खडीसाखर: येणाऱ्या प्रकाशाकडे तोंड करून. पुस्तिकेत ते आधी लिहा. नवीन पोरं तिथेच चुकतात.

भाषांतरवाली: लिहिते. पण तक्त्याच्या मथळ्यात वलन की घूर्णन?

दगडगोटे: वलन सोडून काहीही.