संग्रहालयातली चांदी-पितळेची भांडी घासून उजळावीत का?

गिरगावकर

माझं मत आधीच सांगतो: उजळावीत. "जुनं आहे, काळं असणारच" हे उत्तर मला पटत नाही.

मध्यंतरी एका संग्रहालयात चांदीची गुलाबदाणी पाहिली. लांब मान, गोल पोट, त्यावर वेलबुट्टीचं उठावाचं काम. निदान पाटीवर तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात पानं आणि पानांमागची जमीन, दोन्ही शिशाच्या रंगाची झाली होती. उठावाचं काम उजेडावर आणि सावलीवर चालतं. फुगीर भागावर उजेड पडला आणि खोलगट भाग मागे सरला, तरच पान वेगळं दिसतं. सगळंच काळं पडलं की कारागिराने आतून ठोकून काढलेली ती सगळी मेहनत असून नसल्यासारखी होते. मी काचेला नाक लावून पाहत होतो. माझ्यामागून चार-पाच जण आले आणि न थांबता पुढच्या कपाटाकडे गेले.

दुसरं म्हणजे, ही भांडी मुळात कशासाठी केली होती? भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा इतिहास पाहा. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी इथल्या कारागिरीचे नमुने जमवले, तेव्हा तसेच दुसरे नग मुंबईत ठेवले आणि त्यातून संग्रहाची सुरुवात झाली. राणीच्या बागेतल्या इमारतीत तो लोकांसाठी १८७२ मध्ये खुला झाला. अशा संग्रहांतल्या कितीतरी वस्तू कुणाच्या देवघरात किंवा स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. त्या दाखवण्यासाठीच घडवल्या होत्या. त्यांच्यावरचा काळेपणा हा वापराचा इतिहास नाही, ती फक्त हवेची करणी आहे. ती जपायची कशासाठी?

घरोघरी पाडव्याला, गौरी-गणपतीला भांडी उजळतात. आपल्याकडे चकाकी हा भांड्याचाच भाग मानतात.

धातुवेडा

गिरगावकर, तुमची तळमळ समजते, पण पूर्ण विरोध आहे.

चांदीवरचा काळा थर वरून बसलेला मळ नाही. हवेतल्या गंधकाशी वरची चांदी संयोग पावते आणि तो थर तयार होतो. म्हणजे त्या काळ्या थरात भांड्याचीच चांदी आहे. पुडीने घासलात की काळेपणाबरोबर तीही जाते. शिवाय पुडीला काळा थर कुठे संपला आणि चांगली चांदी कुठे सुरू झाली, हे कळत नाही, त्यामुळे खालची थोडी चांदीही खरवडून निघते. एकदा घासल्याने फरक दिसणार नाही. पण संग्रहालयाला वस्तू पिढ्यान्पिढ्या ठेवायची असते. आजीच्या काळापासून दर सणाला रांगोळीने घासलेलं निरांजन कुणाच्या घरी असेल तर त्यावरची नक्षी बोटाने चाचपून पाहा. मोराचा पिसारा गुळगुळीत झालेला असतो, डोळा तर शोधावा लागतो. मुलामा दिलेल्या भांड्याचं आणखी कठीण, कारण तो थर इतका पातळ असतो की चार वेळा घासलं की खालचं तांबं वर येतं.

पितळेची वेगळीच तऱ्हा. चिंच-मीठ लावून घासलेलं पितळ लालसर का दिसतं? आम्लाने वरच्या थरातलं जस्त आधी विरघळतं आणि तांबं मागे राहतं. तुम्हाला ते उजळलेलं वाटतं, पण त्याचा मूळ पिवळा रंगच गेलेला असतो. आणि नक्षीच्या खोबणीत पावडरीचा जो पांढरा गाळ अडकून बसतो, तो काढायला नंतर सुई घ्यावी लागते.

आता बिदरी घ्या, म्हणजे माझा आक्षेप स्पष्ट होईल. बिदरीचं भांडं मुख्यतः जस्ताचं, त्यात थोडं तांबं. ओतून झालं की कानशीने साफ करतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करून त्यावर नक्षी रेखतात, छिन्नीने खोबणी पाडतात, त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लगद्याने भांडं चोळतात. जस्ताची जमीन गडद काळी होते आणि चांदी पांढरीच राहते. तो काळा रंग कारागिराने मुद्दाम आणलेला आहे. "काळं म्हणजे घाण" असं समजून कुणी हुक्क्याच्या बुडाला पावडर लावली तर अडीचशे वर्षांपूर्वीचं काम एका दुपारी करडं होईल.

गिरगावकर

बिदरीचं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतं. जमीन काळी आणि नक्षी पांढरी हाच त्या कलेचा आत्मा ना? मग कपाटात ठेवून ठेवून चांदीही काळी पडली की काळ्यावर काळं उरतं. त्या कारागिराने जे दाखवायचं ठरवलं होतं, तेच आपण झाकून ठेवतो. चांदी उजळायला हवीच ना?

धातुवेडा

हवी, पण घासून नव्हे. भिंगाखाली, कापसाच्या बारीक काडीने, फक्त चांदीची तेवढी रेघ स्वच्छ करता येते. जमिनीला स्पर्श न करता. एका पानदानाला कित्येक दिवस लागू शकतात आणि ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. सरसकट "उजळा" असा आदेश निघाला की हे काम कुणाच्या हाती पडतं आणि किती घाईत होतं, याची मला भीती वाटते.

दादरची बाई

मी शाळेत शिकवते, मुलांना घेऊन जाते. गिरगावकरांशी सहमत. चिनी मातीच्या दालनात मुलं रेंगाळतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या, म्हणजे सर रतन आणि सर दोराबजींच्या संग्रहातली चिनी-जपानी भांडी आहेत. ती पाहताना "बाई, हे कालच केलंय का?" असं विचारतात. झिलईचं भांडं शंभर काय, तीनशे वर्षांनीही ताजं दिसतं. धातूच्या कपाटापाशी आलो की तीच मुलं एकमेकांच्या खोड्या काढायला लागतात. कपाटात काय आहे ते दिसतच नाही, तर त्यांनी काय पाहावं? आपल्याच कारागिरांचं काम फिकं आणि परदेशातलं सुंदर, असा समज घेऊन ती घरी जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

तांबटाची लेक

माझं माहेर तांबटाचं, त्यामुळे राहवलं नाही.

तांब्याच्या घंगाळाची किंवा बंबाची चमक पावडरीने येते असं कुणी सांगितलं? ती मठारकामाने येते. भांडं घडवून झालं की लोखंडी खरवईवर, म्हणजे ऐरणीसारख्या खुंटावर ठेवून, तोंड आरशासारखं घोटलेल्या हातोडीने एकाला एक लागून ठोके मारत जायचं. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा सपाट चटका उमटतो आणि उजेड त्यावरून परततो. ठोक्यांनी पत्रा कडकही होतो, म्हणून पातळ पत्र्याचा हंडा पाण्याने भरला तरी पोक येत नाही. माझे वडील ओळ पाहून सांगायचे की ठोके एकाच हाताचे आहेत की मध्येच दुसरा माणूस बसला होता. पावडरीने वर्षानुवर्षं घासलं की या चटक्यांच्या कडा गोल होतात, शेवटी नाहीशा होतात. भांडं चकचकीत दिसतं, पण घडवणाऱ्याचा हात त्यावरून पुसला गेलेला असतो.

गिरगावकर, सणाला भांडी उजळायची ती वापरातली. वापरातलं भांडं झिजतं, मोडीत जातं, त्याच्या बदल्यात नवं येतं. मोड देऊन नवं घ्यायची आपली पद्धतच होती. त्यामुळे मराठी घरांतली खरोखर जुनी तांब्या-पितळेची भांडी फार थोडी उरली आहेत. जी संग्रहालयात पोचली ती मोडीतून वाचलेली. त्यांना तरी आता हात लावू नका.

आणि आतली कल्हई! बाहेरून उजळायच्या नादात लोक आतूनही खरवडतात. पातेल्याच्या तळाला कल्हई एका बाजूला जास्त उडालेली असेल तर ढवळणारी बाई उजव्या हाताची होती का, उलथनं कसं फिरत होतं, हे कळतं. एवढा पुरावा दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेला नाही.

गिरगावकर

ताई, मठाराचा मुद्दा मोलाचा आहे. तांब्यापुरता मी आग्रह धरत नाही. पण चांदीवर ठाम आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली चांदीची दालनं लखलखत असतात. त्यांना जतन कळत नाही असं कुणी म्हणणार नाही. अगदी बारीक खडूची पूड पाण्यात कालवून हलक्या हाताने साफ करायचं आणि मग पारदर्शक लॅकरचा लेप द्यायचा, ही पद्धत कितीतरी ठिकाणी वापरतात. लेप दिला की वर्षानुवर्षं घासावं लागत नाही. मग आपल्याकडेच "हात लावू नका" हे अंतिम उत्तर का?

काचवाला

मला धातूपेक्षा काचेत रस आहे, पण हा वाद काचेपाशी आणून पाहा.

काचेचा हुक्का किंवा अत्तराची कुपी अमर वाटते. पण ज्या जुन्या काचेत क्षार जास्त आणि चुना कमी पडला, ती काच दमट हवेत आतून बिघडते. क्षार पृष्ठभागावर येतात, हवेतलं पाणी ओढतात, काच चिकट होते, तिच्यावर थेंब जमतात. पुढे बारीक तडे जाऊन ती धुरकट दिसू लागते. "काच रडते" असंच काच जतन करणारे लोक म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, कुणी पुसलीच नाही. आणि कितीही पुसली तरी मूळ रोग दमट हवेचाच. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये हवा काय असते ते लोणच्याच्या बरणीजवळच्या मिठालाही ठाऊक आहे.

म्हणून भांडं उजळायचं की नाही, याआधी ते कुठल्या हवेत ठेवलंय ते विचारा. चांदीचंही तेच. कपाटात खाली लोकरीचं नमदासारखं कापड अंथरलं असेल, दाराला रबराची पट्टी असेल, तर गंधक घरातूनच मिळतं. लोकर आणि रबर दोन्ही चांदी काळी करतात. मखमली-लोकरी अस्तरावर चांदी शोभून दिसते म्हणून ठेवायची आणि वर्षभरात ती काळवंडली की घासायची, हा उलटा कारभार आहे.

एक शेवटचं. ब्रिटिश म्युझियममध्ये पोर्टलँड व्हेज नावाचं रोमन काचपात्र आहे, गडद निळ्या काचेवर पांढऱ्या काचेतल्या आकृत्या. १८४५ मध्ये एका माणसाने ते फोडलं. तेव्हा जोडलं, १९४८ च्या सुमारास सोडवून पुन्हा जोडलं, १९८८-८९ मध्ये तिसऱ्यांदा. जुना डिंक काढता आला म्हणून पुढच्यांना अधिक चांगलं काम करता आलं. घासलेली चांदी परत कशी लावणार?

कोल्हापूरचा, सध्या मुलुंड

धातुवेडा आणि काचवाला दोघांनाही एक सांगायचं आहे. "काहीच करू नका" हेही धोक्याचं आहे. कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४६ च्या काळात रोमन कांस्यवस्तू सापडल्या. पोसायडनची छोटी मूर्ती आणि कांस्याचं पात्र कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. जमिनीतून निघालेल्या अशा कांस्यावर शांत हिरवा थर असेल तर तो ठेवायचाच. पण फिक्या हिरव्या पुडीचे ठिपके दिसू लागले तर तो रोग आहे. धातूतलं क्लोराइड ओलाव्याने जागं होतं, आम्ल बनतं आणि भांडं आतून पोखरत जातं. तिथे थांबून चालत नाही, उपचार करावेच लागतात, आणि हवा कोरडी ठेवावी लागते. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात तर रोज डोळ्यात तेल घालून पाहायला हवं. प्रत्येक काळं-हिरवं सारखं नसतं, एवढंच.

धातुवेडा

बरोबर. रोगावर उपचार आणि शोभेसाठी घासणं या दोन गोष्टी मी वेगळ्याच धरतो.

गिरगावकर, लॅकरचं सांगतो. लेप एकसारखा बसला तर उत्तम. पण कडेला, उठावाच्या टोकांवर तो पातळ राहतो. तिथून काळेपणा आत शिरतो आणि लेपाखाली कोळ्याच्या पायांसारख्या रेघा पसरतात. मग आधी द्रावणाने लेप उतरवा, पुन्हा साफ करा, पुन्हा लेप. तुमच्या गुलाबदाणीच्या जाळीदार टोपीवर तो एकसारखा बसवायला हात फार तयार लागतो. लंडनला तो कर्मचारी वर्ग आहे. आपल्याकडे दोन्ही मोठ्या संग्रहालयांत चांगलं काम झालंय. भायखळ्याच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण गावोगावच्या छोट्या संग्रहालयांत शिपायाच्या हाती ब्रासोचा डबा देतात. तुमचं मत वाचून तो डबा उघडला जाईल.

दादरची बाई

शिपाई चुकेल म्हणून मुलांनी काळं कपाटच पाहायचं का? निदान शेजारी आजच्या कारागिराकडून घडवून घेतलेलं तसंच एक भांडं ठेवा. पुण्याच्या तांबट आळीत अजून हात आहेत. मुलांच्या हातात द्या, ठोके बोटांना लागू देत.

तांबटाची लेक

हे मात्र करा. आणि घडवणाऱ्याचं नाव पाटीवर लिहा. जुन्या भांड्यांवर "अज्ञात कारागीर" वाचून वाचून जीव विटला.

गिरगावकर

नवं भांडं ठेवा, आनंदच आहे, पण त्याने जुन्या गुलाबदाणीची पानं दिसणार नाहीत. माझी मागणी आता नेमकी मांडतो. भरीव चांदीची, मुलामा नसलेली, प्रदर्शनासाठीच घडवलेली भांडी निवडा. जतनतज्ज्ञाकडून एकदा साफ करून घ्या, आधीचे-नंतरचे फोटो ठेवा, आणि लोकर-रबर नसलेल्या बंद कपाटात ठेवा.

धातुवेडा

क्रम उलटा करा, मग माझा विरोध निम्मा होईल. आधी कपाट बदला आणि एक पावसाळा जाऊ द्या. आत चांदीच्या पत्र्याचा साधा तुकडा ठेवा. तो काळा पडला नाही, तर गुलाबदाणीचं बोलू.

गिरगावकर

आणि तो पावसाळा संपेपर्यंत तिथे निदान दिवा तरी तिरका लावा. वरून सरळ पडणाऱ्या उजेडात उठाव दिसतच नाही. त्याला ना पावडर लागते ना तज्ज्ञ. उद्याच पत्र लिहितो आहे.