मदत हवी आहे : न्यूयॉर्क सिटीतून निवृत्त झालेल्या बाबांच्या औषधांचं कव्हरेज

माझे बाबा न्यूयॉर्क शहराच्या नोकरीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. आई-बाबा क्वीन्समध्ये असतात, मी न्यू जर्सीत. दोघांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, ए (हॉस्पिटल) आणि बी (डॉक्टर) आहे, जोडीला सिटीचा सीनियर केअर प्लॅन. डॉक्टर-हॉस्पिटलची त्यामुळे चिंता नाही. अडलंय ते औषधांपाशी. मेडिकेअरची ओपन एनरोलमेंट (प्लॅन बदलायची मुदत) ७ डिसेंबरला संपते, म्हणून घाईने लिहितेय.

सिटीचा हा प्लॅन निवृत्तांना प्रीमियम न भरता मिळतो, पण त्यात औषधं नसतात. ती बहुतेकांना युनियनच्या वेल्फेअर फंडाकडून मिळतात आणि दर फंडाचे नियम निराळे. ज्यांचा फंड औषधं देत नाही ते पेन्शनमधून पैसे कापून रायडर, म्हणजे औषधांचं जादा कव्हरेज, घेतात. एकाच ऑफिसात शेजारी बसून रिटायर झालेल्या दोघांचं कव्हरेज वेगळं असू शकतं, त्यामुळे बाबांच्या मित्रांना विचारूनही नीट उलगडा होत नाही.

बाबांना हृदयाच्या ठोक्यांसाठी एलिक्विस आणि शुगरसाठी जार्डियन्स आहे. दोन्ही महागडी ब्रँडेड औषधं. गेल्या आठवड्यात एका एजंटने फोन करून त्यांना शून्य प्रीमियमचा ॲडव्हान्टेज प्लॅन (मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीचा) सांगितला, 'औषधंसुद्धा त्यातच'. बाबांना ते पटलं. मी हातापाया पडून सही थांबवली आहे. सिटीने २०२१ पासून सगळ्या निवृत्तांना ॲडव्हान्टेजवर न्यायचा घाट घातला होता, त्याविरुद्ध निवृत्तांनी वर्षानुवर्षं कोर्टात झुंज दिली. जून २०२५ मध्ये वरच्या कोर्टाचा निकाल सिटीच्या बाजूने लागला, तरी तेव्हाच्या महापौरांनी तूर्त तो बदल करणार नाही असं जाहीर केलं. एवढं सगळं होऊन जे टिकलं ते बाबांनी एका फोनवर सोडून द्यावं, हे मला बघवत नाही.

तर विचारायचं हे की, बाहेरचा पार्ट डी (मेडिकेअरचा औषधांचा प्लॅन) किंवा ॲडव्हान्टेज घेतला तर फंडाची औषधं बंद होतात का? आईचं कव्हरेज बाबांच्या नावावरून आहे, तिचंही जाईल का? आणि ज्येष्ठांना औषधांच्या खर्चात मदत करणारी राज्याची एपिक योजना यावर मिळू शकते का?

कृपया 'भारतातून औषधं आणा' असं सुचवू नका. एलिक्विसचं, म्हणजे अपिक्साबानचं, जेनेरिक तिकडे स्वस्तात मिळतं, ठाऊक आहे. पण रक्त पातळ ठेवणारं औषध कुणाच्या येण्याजाण्यावर अवलंबून ठेवायची माझी तयारी नाही. एक डोस चुकला तरी जीव टांगणीला लागतो.

हिशोबनीस : ताई, सही थांबवलीत ते फार चांगलं केलंत. मीही सिटीचाच पेन्शनर. आधी बाबांचं औषधांचं कार्ड हातात घ्या. त्यावर 'मेडिकेअर आरएक्स' असा लोगो आहे का बघा. असेल तर फंडाचा प्लॅन हाच त्यांचा पार्ट डी. जवळच एस अक्षराने सुरू होणारा नंबर असतो, त्यातले शेवटचे तीन आकडे ८ ने सुरू होत असतील तर तो नोकरीवरून मिळालेला ग्रुप प्लॅन.

मेडिकेअरमध्ये एका वेळी एकच पार्ट डी चालतो. दुसऱ्यात नाव घातलं की पहिल्यातून ते आपोआप निघतं, कुणी फोन करून विचारत बसत नाही. परत घ्यायचं की नाही ते फंडाच्या नियमांवर. आईंचंही तसंच, तेव्हा सही करायच्या आधी फंडाकडून लेखी उत्तर घ्या. ॲडव्हान्टेजचं तर आणखी वाईट. सीनियर केअर हा मूळ मेडिकेअरला जोडलेला प्लॅन आहे. मूळ मेडिकेअरच बाजूला ठेवलं तर तो पैसे कशाचे भरणार?

कार्डावर लोगो असेल तर २०२६ मध्ये प्लॅनमधल्या औषधांवर खिशातून २,१०० डॉलरच्या वर जाणार नाहीत. २०२५ मध्ये ती मर्यादा २,००० होती. जानेवारीत एकदम मोठी रक्कम द्यायला नको असेल तर प्लॅनला सांगून ती महिन्यांवर विभागून घेता येते. लोगो नसेल तर ही मर्यादा लागू होत नाही. मग फंडाचं 'क्रेडिटेबल कव्हरेज'चं पत्र (कव्हरेज पार्ट डीच्या तोडीचं आहे असं सांगणारं) शोधा, ते दर वर्षी १५ ऑक्टोबरच्या आत यायला हवं आणि जन्मभर जपायला हवं. त्या तोडीचं कव्हरेज नसताना सलग ६३ दिवस गेले तर पुढे पार्ट डी घेताना दंड बसतो : दर महिन्याच्या खंडाला मेडिकेअरने ठरवलेल्या मूळ प्रीमियमचा १ टक्का. २०२६ चा मूळ प्रीमियम ३८.९९ डॉलर आहे. दोन वर्षांचा खंड पडला तर महिन्याला साधारण ९.४० डॉलर जादा, तेही कायमचे.

एपिकसाठी वय ६५ पूर्ण, न्यूयॉर्क राज्यात वास्तव्य, आणि जोडप्याचं उत्पन्न १ लाख डॉलरपर्यंत. पार्ट डी मात्र हवाच. म्हणून म्हणतो, आधी कार्ड.

मोगरा : मी फार्मसीत काम करते. १ जानेवारी २०२६ पासून एलिक्विस आणि जार्डियन्स दोन्हींना मेडिकेअरने घासाघीस करून ठरवलेले भाव लागू होतात : महिनाभराच्या औषधाला २३१ आणि १९७ डॉलर. बाबांचा कोपे (खिशातून भरायचा वाटा) किती हे प्लॅनच ठरवेल, पण जिथे टक्केवारीने भरावं लागतं तिथे फरक जाणवेल. आई-बाबा हिवाळ्यात पुण्याला जात असतील तर निघायच्या बऱ्याच आधी तीन महिन्यांचा साठा मागा. लवकर रिफिल नाकारलं गेलं तर प्लॅनला फोन करून 'व्हेकेशन ओव्हरराइड' मागायचं. भारतात विकत घेतलेल्या औषधाचे पैसे पार्ट डी देत नाही. आणि हायकॅप नावाची मोफत सल्लासेवा आहे, शहराच्या ज्येष्ठ नागरिक विभागाकडे चालते. तिथले लोक काही विकत नाहीत, बाबांना त्यांच्याशीच बोलू द्या.

धागाकर्ती : काका, मोगरा, मनापासून आभार. आत्ताच बाबांना फोनवर कार्ड वाचायला लावलं. लोगो आहे, शेवटचे आकडे ८०१. आईचं तिच्या नावाचं वेगळं कार्ड आहे, त्यावरही तेच. एजंटला नकार कळवला. एपिकचा अर्ज या शनिवारी तिकडे जाऊन बाबांच्या समोर बसून भरते.

आता एकच विचारायचं राहिलं, बाबांसमोर ते काढवत नाही म्हणून इथे लिहिते. बाबांच्या माघारी आईची औषधं चालू राहतात का, आणि राहिली तर किती काळ? फंडाच्या पुस्तिकेत हयात जोडीदारासाठी वेगळं प्रकरण असतं का? कुणाच्या घरी ही वेळ येऊन गेली असेल तर इथे किंवा व्यक्तिगत निरोपात जरूर सांगा. फंडाला काय विचारायचं, कोणता कागद आत्ताच मागून ठेवायचा, एवढं कळलं तरी पुरे.