छोट्या विमानकंपनीतील वैमानिकांनी संघटना स्थापन करावी का?

प्रश्न (लोहगाव, पुणे):
माझी धाकटी बहीण एका छोट्या प्रादेशिक विमानकंपनीत सहवैमानिक आहे. रोस्टर आदल्या रात्री बदलते, भत्ते महिनोन् महिने थकतात आणि तक्रार करणाऱ्याला व्यवस्थापनासमोर एकट्यानेच उभे राहावे लागते. चाळीसेक वैमानिकांनी संघटना बांधली तर कंपनीच बंद पडेल, ही भीती कितपत खरी आहे?

उत्तर १:
भीती निराधार नाही, पण अपुरी आहे. २००९ साली जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना स्थापन केल्यावर काहींना कामावरून काढण्यात आले. तेव्हा शेकडो सहकारी आजारपणाच्या रजेवर गेले आणि अखेर तडजोड होऊन काढलेल्यांना परत घेण्यात आले. मात्र त्या काळात प्रवाशांचे अतोनात हाल झाले, हे मी विसरू शकत नाही. छोट्या कंपनीत संप टाळून वाटाघाटींवरच भर द्यावा.

उत्तर २:
ताई राजीनामा देऊन सहज बाहेर पडू शकत नाहीत, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेच्या २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची, तर कॅप्टनला वर्षभराची पूर्वसूचना द्यावी लागते. ज्याला सोडून जाता येत नाही, त्याला सामूहिकपणे बोलण्याचा मार्ग तरी हवाच. शिवाय आठवड्याची सलग ४८ तासांची विश्रांती कागदावर असली, तरी थकल्याचे सांगणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी असावे लागते; हा प्रश्न पगाराचा नसून प्रवाशांच्या जिवाचा आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. रविवारी ती घरी येईल, तेव्हा पूर्वसूचनेचा मुद्दा तिच्यासमोर ठेवतो.